दसरा ते दसरा, नीलकंठाच्या मागे

दसऱ्याच्या दिवशी आमच्या अख्ख्या गल्लीनं एका प्लास्टिकच्या पिशवीला हात जोडले, आणि तेही माझ्या सांगण्यावरून. गोष्ट २००७ सालची. बिदरात अजूनही काही मंडळी मी समोर दिसलो की आधी वर झाडाकडे बघतात आणि मग मला नमस्कार करतात. म्हणून म्हटलं, त्या पिशवीपायी पुढचं वर्षभर काय काय झालं ते एकदा आपणच सांगून टाकावं. लोकांच्या तोंडी राहिलं तर त्यात आणखी पिशव्या येतील.

आमच्याकडे दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटून झाली, 'बन्नी घ्या, बंगारासारखं राहू', म्हणजे सोन्यासारखं राहू, असं एकमेकांना म्हणून झालं, की गावाबाहेर जाऊन नीलकंठ पक्षी बघायचा असतो. तिकडं हैदराबादेपर्यंत ही रीत आहे. दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं. नाही दिसला तर काय होतं ते मात्र कुणी सांगत नाही, आणि माझ्या जिवाला घोर लागतो तो नेमका तिथंच. त्यात हा पक्षी मोठा अवघड. बसलेला असला की मातकट आणि ढिम्म, तारेवर कुणी ढेकूळ ठेवल्यासारखा. उडाला की मात्र पंखांतून असा निळा रंग बाहेर पडतो की बघणाऱ्याच्या तोंडून 'अबब' निघतं. म्हणजे तो नुसता असून भागत नाही, त्यानं उडायलाही पाहिजे.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे गल्लीमागच्या माळावर उभे होतो. उन्हं उतरली, पोरं कंटाळली, बायकांना चुलीची आठवण झाली, आणि नीलकंठाचा पत्ता नाही. आता मी मोजणी खात्यातून रिटायर झालेला माणूस. शेताच्या बांधावर उभं राहून लांबचा दगड ओळखणं ह्यावर माझं पोट चाललं. साहजिकच सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. आणि मला दिसला! लांबच्या बाभळीवर काहीतरी निळं फडफडलं. "तो बघा!" मी ओरडलो. भराभर हात जोडले गेले. माझी बायको सुमती तर चपला काढून, डोळे मिटून उभी राहिली. आमचा एकुलता एक मुलगा प्रणेश अमेरिकेत एका बँकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला आहे. ती कुणासाठी मागत होती हे सांगायला नको.

शेजारचे जगदेवप्पा तेवढे डोळे बारीक करून बघत राहिले. ते बिदरलगतच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका प्लास्टिक कारखान्यात सुपरवायझर होते. ते बाभळीपर्यंत चालत गेले, परत आले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्यंकटराव, पाखरू आमच्या कोळारचं हाय."

"म्हणजे?"

"आमच्या कारखान्याची पिशवी हाय ओ. ह्यो निळा दुसऱ्या कुणाला जमत न्हाई. मीच काढतो." बोलताना त्यांचा ऊर भरून आला होता.

गल्ली हसली. पोरं तर माळावर लोळली. ज्या माणसाच्या सहीवर तालुक्यातले बांध हलत होते त्या माणसाची ही गत! सुमती मात्र हसली नाही. ती चपला घालून पुन्हा बाभळीबाभळीला जाऊन बघून आली. तोवर अंधार पडला आणि दसरा संपला.

संक्रांत झाली न झाली तोच टीव्हीवर अमेरिकेतल्या बँकांच्या बातम्या सुरू झाल्या. तिकडं घरांची कर्जं बुडाली, बँका डुगडुगायल्या, माणसं कमी करायलेत. प्रणेशचा रविवारी फोन यायचा. "सगळं ठीक आहे ना रे?" "ठीक आहे, अप्पा." "नोकरी?" "चालू आहे." एवढ्यावर फोन संपायचा. पोरगं मुळात कमी बोलणारं. त्यामुळे त्याच्या गप्प बसण्यातली काळजी कुठली आणि स्वभाव कुठला हे फोनवर ओळखू येत नसे. एका रविवारी त्यानं सहज सांगितलं, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काढून टाकलं. त्या दिवशी सुमतीनं वरण करपवलं.

"पिशवीला हात जोडले की असंच व्हायचं," ती म्हणाली.

"अगं, अमेरिकेतल्या बँकेचा आणि बाभळीवरच्या पिशवीचा काय संबंध?"

"कुणाच्या तरी घराच्या कर्जाचा आणि आपल्या प्रण्याचा तरी काय संबंध होता? लागलाच की न्हाई?"

मी स्वतःला विज्ञाननिष्ठ समजतो. पण काळजी ही गोष्ट विज्ञाननिष्ठ माणसालाही रात्रीची झोप लागू देत नाही. मी जाहीर करून टाकलं की पुढच्या दसऱ्याला नीलकंठ दिसणार म्हणजे दिसणार, खरा दिसणार, उडताना दिसणार, आणि त्यासाठी मी आजपासून पक्षीनिरीक्षण करणार. बाहेर मी सांगत होतो, बायकोच्या समाधानासाठी करतोय. खरं म्हणजे करत होतो स्वतःसाठीच. पोराची नोकरी गेली तर परदेशात एकटा काय करेल, हा विचार मी दात घासताना सुद्धा करत होतो.

प्रणेशनं ओळखीच्या कुणाबरोबर तरी दुर्बीण पाठवली. ती आली त्या दिवशी आमच्या अंगणात सत्यनारायणाला होते तशी गर्दी झाली. प्रत्येकाला एकदा बघायचं होतं, आणि बघून झाल्यावर सल्ला द्यायचा होता. जगदेवप्पांनी दुर्बीण उलटी धरली आणि म्हणाले, "व्यंकटराव, तुमचं घर लांब गेलं की ओ." मग सुलटी धरून त्यांनी माझ्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला चीर गेल्याचं सांगितलं. पक्षी कुणीच बघितला नाही.

नीलकंठाला विजेच्या तारा आवडतात असं मी वाचलं होतं. आता बिदरात सरळ, लांबलचक, निवांत तार कुठली? तर हवाई दलाच्या तळाच्या कुंपणाला लागून गेलेली. माणसाच्या डोक्यात नीलकंठ भरला की कुंपणापलीकडं काय आहे ते दिसत नाही. मी सकाळी सकाळी जाऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि दुर्बीण लावली. तारेवर एक ढेकूळ बसलेलं होतं. आता उडेल, मग उडेल म्हणून मी श्वास रोखून उभा. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय बघायलात सर?"

हवालदार. छातीवरच्या पट्टीवर नाव श्रीशैल.

"पक्षी बघायलोय," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? नीलकंठ. आपल्या कर्नाटक राज्याचा पक्षी आहे तो."

"राज्याचा हाय तर राज्य बघून घेईल. तुम्ही कामून बघायलात?"

मग त्यानं माझी पिशवी बघितली. आता पिशवीत काय होतं, तर पाण्याची बाटली, सुमतीनं दिलेले दोन धपाटे, आणि रिटायर झालो तरी सवयीनं पिशवीत राहिलेला तालुक्याचा मोजणीचा नकाशा. दुर्बीण, नकाशा आणि विमानतळ! श्रीशैलचा चेहरा असा काही उजळला की त्याला बढतीच दिसली असावी. चौकीत मला बाकावर बसवलं. मी एकदा माझी पेन्शन सांगितली, एकदा बिदरातली माझी नोकरीची वर्षं सांगितली, एकदा दसरा सांगितला. दसऱ्याच्या वेळी चौकीचे साहेब म्हणाले, "दसऱ्याला अजून किती महिने आहेत!" मी म्हणालो, "म्हणूनच आतापासून तयारी." हे ऐकून तिथं जमलेले सगळेच जरा गंभीर झाले. शेवटी धपाटे जप्त करून मला सोडलं, म्हणजे साहेबांनी चहाबरोबर ते खाल्ले आणि नकाशा ठेवून घेतला.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. जगदेवप्पा दारातच भेटले. "तुम्ही काळजी करू नका," ते म्हणाले. "मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, व्यंकटराव हेर न्हाईत. हेराला एवढं तर दिसतंच."

त्यानंतर त्यांनीच दुसरा उपाय काढला. "पाखराच्या मागं पळायचं कामून? पाखरूच घरी ठेवा. जहिराबादकडं पिंजऱ्यातला पालपिट्टा घेऊन दसऱ्याला दारोदार फिरतात, बघितलं न्हाई का तुम्ही?" पालपिट्टा म्हणजे तेलुगूत नीलकंठ. मी म्हणालो, हा गुन्हा आहे, वन खातं आत टाकेल, आणि एका खात्याच्या बाकावर मी नुकताच बसून आलोय. पण जगदेवप्पांनी माझं बोलणं नम्रपणा समजून एक पिंजरा आणवलाच. वर फडकं. फडकं काढलं तर आत लख्ख निळा पक्षी. सुमतीनं तिथंच हळदकुंकू आणलं. मी म्हणत होतो, नीलकंठाची चोच अशी नसते, पण पिशवीनंतर माझ्या शब्दाला घरात किंमत राहिली नव्हती. तिनं पिंजऱ्यात पाण्याची वाटी ठेवली. पक्ष्यानं वाटीत पाय दिला, मान दिली, अंग झाडलं, आणि सगळं पाणी निळं झालं. कबुतर होतं. त्याला कपड्याची नीळ दिली होती. आमच्या पांढऱ्या चादरीवर, भिंतीवर, सुमतीच्या हळदीकुंकवाच्या ताटात निळे ठिपके उडाले. कबुतर पुढं आमच्या गच्चीवरच राहिलं. जायला तयार होईना.

खरा नीलकंठ मला दिसला तो मुडबी गावात, आणि तोही भांडणात. मुडबीच्या गुंडाप्पाचं शेत मी पूर्वी मोजलेलं. बसमध्ये भेटला तर म्हणाला, "साहेब, आमच्या बांधावर रोज बसतंय की ते पाखरू. या तुम्ही." मी टोपी घालून, दुर्बीण गळ्यात अडकवून गेलो. बघतो तर बांधाच्या ह्या बाजूला गुंडाप्पाची मंडळी, त्या बाजूला त्याच्या धाकट्या भावाची, आणि मधे माझ्यासाठी खुर्ची टाकलेली. बांध सरकवल्यावरून दोघा भावांत वाद होता. मोजणीचे साहेब नवीन मशीन घेऊन येणार, असं गुंडाप्पानं गावभर सांगून ठेवलं होतं.

"गुंडाप्पा, मी रिटायर झालोय. आणि हे मशीन नाही, दुर्बीण आहे."

"असू द्या साहेब. तुम्ही नुसतं त्यातून बघा आणि खरं काय ते सांगा."

"मी पक्षी बघायला आलोय!"

"पक्षी कुठं जायलाय? आधी बांध बघा."

धाकट्याची बायको म्हाळसा पदर खोचून पुढं आली आणि म्हणाली की साहेबांनी थोरल्याच्या घरचं पाणी प्यायलंय, साहेब त्यांच्या बाजूचे आहेत. मग मला धाकट्याच्या घरचंही पाणी प्यावं लागलं. मग थोरल्याकडचा चहा, धाकट्याकडचा चहा. मी दोन्हीकडच्या चहानं घायकुतीला आलो होतो, सगळे एकदम ओरडत होते, आणि बांधाच्या त्याच वादाच्या दगडावर एक मातकट ढेकूळ येऊन बसलं. मी ओरडलो, "गप्प बसा!" ऐकतंय कोण? पक्षी उडाला. काय सांगू! गव्हाच्या कापलेल्या रानावरून असा निळा फिरत गेला की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दुर्बीण गळ्यात तशीच लोंबत राहिली. दोन्ही भावांना वाटलं, साहेब आपल्या भांडणानं कळवळले. ते गप्प झाले. बांधाचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी तरी ते एकाच ताटात जेवले.

मी उड्या मारत घरी आलो. "सुमती, बघितला! खरा! उडताना!"

"आज दसरा हाय का?" ती म्हणाली. "वैशाखात दिसून काय उपयोग?"

तरी माझा जीव भांड्यात पडला होता. गुंडाप्पाला सांगून ठेवलं, ह्या दसऱ्याला आम्ही दोघं येतो, कितीही भांडा पण त्या दगडाला हात लावू नका. सगळं जमून आलं. आणि आषाढात सुमतीनं जाहीर केलं, अमेरिकेला जायचं.

"कामून?"

"पोरगं फोनवर बारीक बोलायलंय."

प्रणेश पूर्वीपासून बोलवत होताच. आता मात्र तो म्हणायला लागला, 'नंतर या, थंडी संपल्यावर या.' ते ऐकून सुमती आणखीच हट्टाला पेटली. पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला माणूस आला, तो नेमका श्रीशैल. माझ्याकडं बघून त्यानं कपाळाला हात लावला. नियमाप्रमाणं त्याला शेजाऱ्यांना विचारायचं होतं. जगदेवप्पांनी कुंपणावरून साक्ष दिली, "माणूस सज्जन हाय. पाखरू सोडलं तर दुसरा नाद न्हाई." श्रीशैलनं सही केली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तिकडं जाऊन तारांकडं बघू नका." त्याच्या डोळ्यांत खरी कळकळ होती. मग मद्रासला व्हिसाची मुलाखत. काचेपलीकडच्या गोऱ्या बाईंनी विचारलं, रिटायर झाल्यावर काय करता? मी खरं तेच सांगून बसलो: पक्षी बघतो. बाई एकदम हसल्या, म्हणाल्या, माझे वडीलही बघतात. शिक्का बसला. मी घामानं भिजलो होतो आणि सुमती विचारत होती, "काय म्हणाली ती? पिशवीबद्दल काही बोलली का?"

तिकिटं आली त्या दिवशी सुमतीनं पंचांग उघडून तिकिटांच्या तारखा ताडून बघितल्या. दसरा आमच्या तिथल्या मुक्कामातच येत होता. वर्षभर चौकीत बसलो, नीळ धुतली, बारा घरचा चहा प्यालो, सगळं ह्या एका दिवसासाठी, आणि त्या दिवशी आम्ही असणार न्यू जर्सीत. तिकडं नीलकंठ नसतो हे मला ठाऊक होतं. मी ते सुमतीला विमान उडाल्यावर सांगितलं.

प्रणेश विमानतळावर आला तेव्हा वाळलेला दिसला. नोकरीचं विचारलं तर "चालू आहे" म्हणाला. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग खांद्याला लावून तो बाहेर पडायचा. सुमती बॅगेत डबा भरून द्यायची. संध्याकाळी यायचा आणि गप्प जेवायचा. तिकडच्या बातम्यांत तर दर दिवसाआड एक बँक कोसळत होती. मोठमोठी नावं. माणसं खोकी छातीशी धरून हापिसाबाहेर पडताना दाखवायचे. सुमती टीव्हीसमोर पदराचं टोक तोंडात धरून बसायची, आणि प्रणेश घरी आला की आम्ही घाईनं टीव्ही बंद करायचो. आम्ही विचारायचं नाही, त्यानं सांगायचं नाही, असा तो सगळा कारभार.

मी खिडकीशी दुर्बीण घेऊन बसायचो, दुसरं करणार काय? आणि एका सकाळी समोरच्या छपरावर निळा पक्षी उतरला! डोक्यावर तुरा, पंखांवर निळ्यावर काळ्या रेघा, आवाज भांडखोर. ब्लू जे म्हणतात त्याला. मी दुर्बीण सरकवत सरकवत त्याच्या मागं ह्या खिडकीतून त्या खिडकीत गेलो. संध्याकाळी इमारतीचा मॅनेजर दारात. समोरच्या बाईंची तक्रार होती की तुमच्याकडचे वयस्कर गृहस्थ दिवसभर आमच्या घरात बघतात. माझ्या सात पिढ्यांत कुणी असं ऐकून घेतलं नसेल! प्रणेशनं मान खाली घालून त्याची समजूत काढली. सुमती एवढंच म्हणाली, "बिदरात हवालदार, इथं मॅनेजर. तुमच्या पाखरापायी घरी साहेबलोकांची ये-जा लई वाढली."

पण निळा पक्षी आहे हे कळल्यावर ती सावरून बसली. प्रश्न असा होता, की हा चालेल का? मी म्हणालो, हा वेगळा पक्षी, नीलकंठाचा लांबचा भाऊबंदसुद्धा नाही. बिदरला जगदेवप्पांना फोन लावला. त्यांनी आधी निळा कसला ते विचारून घेतलं. "आमच्या पिशवीसारखा का?" "नाही, जरा फिका." "मग व्यंकटराव, तुम्ही खात्री करून घ्या. आधी त्याला उडू द्या." एवढं सांगून त्यांनी आमचं कबुतर मजेत असल्याचं कळवलं. शेवटी निकाल सुमतीनंच दिला. "बन्नी मिळाली न्हाई की आपण आपट्याची पानं घेतो की न्हाई? ते देवाला चालतंय, मग पाखराचं कामून चालणार न्हाई?" ह्या बिनतोड मुद्द्यापुढं माझं वर्षभराचं पक्षीनिरीक्षण गप्प बसलं.

आता नवीन धास्ती. हा पक्षी छपरावर एकदाच आला होता. ऐन दसऱ्याला आलाच नाही तर? आणि खिडकीत तर मला आता दुर्बीण घेऊन उभं राहायची चोरी. मी येरझाऱ्या घालायला लागलो. जेवता जेवता प्रणेश ताटातून मान वर न करता म्हणाला, "बागेत येतो तो. सकाळी हापिसला जाताना तुम्हाला घेऊन जातो."

"तुला उशीर होईल रे. ह्या दिवसांत उशीर करू नको, साहेबाच्या डोळ्यावर येईल."

"होत नाही."

दसऱ्याला सकाळी आम्ही निघालो. सुमतीनं नवी साडी नेसून वर प्रणेशचा जाडजूड कोट घातला होता. पायात मोजे आणि चपला. प्रणेश इस्त्रीच्या शर्टात, खांद्याला बॅग, बॅगेत डबा. बाग मोठी, झाडं पिवळी-तांबडी झालेली, गारठा. तळ्याच्या बाजूला झाडी दाट दिसली म्हणून मी अनुभवी माणसासारखा तिकडं वळलो आणि दुर्बीण लावली.

"अप्पा, तिकडं नाही," प्रणेश म्हणाला. "इथं बाकावर बसा. आधी खारी उतरतात. मग तो पलीकडून ओरडतो. मग त्या वाकड्या फांदीवर बसतो, खाली येऊन ओकचं फळ उचलतो आणि तिकडं कुंपणापाशी मातीत पुरून ठेवतो."

मी दुर्बीण खाली घेतली. ह्या पोराला लहानपणी कावळा दाखवला तर तो दप्तराकडं बघायचा.

"तुला काय ठाऊक?"

"दोघं आहेत ते. एकाची शेपटी तुटकी आहे. तो उशिरा येतो." त्यानं बॅग मांडीवर घेतली आणि तिची चेन उघडझाप करत राहिला.

मी त्याच्या शेजारी बसलो. पक्षी कुठल्या फांदीवर आधी बसतो, कुणाची शेपटी तुटकी, कोण उशिरा येतो, हे कुणाला कळतं ते मला वर्षभरात चांगलं समजलं होतं. त्याला रोज त्याच जागी जाऊन बसावं लागतं. ज्याला दुसरीकडं कुठं जायचं नाही, त्यालाच ते जमतं. मी बसू शकलो, कारण मी रिटायर होतो. माझ्या मुलानं तिशीसुद्धा ओलांडली नव्हती.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं. सुमती पुढं जाऊन झाडाखाली उभी होती.

"तुम्ही यायच्या आधीपासून."

"मग सांगायचं की रे."

"तुम्ही एवढ्या लांबून आलात," तो म्हणाला, आणि त्यानं बॅगेची चेन लावून टाकली.

तेवढ्यात पलीकडून ओरडल्याचा आवाज आला. खारी पांगल्या. वाकड्या फांदीवर तो निळा पक्षी येऊन बसला, आणि लगेच पंख पसरून आमच्या समोरून खाली उतरला. सुमतीनं त्या गारठ्यात चपला काढल्या, मोजे काढले, ओल्या गवतात उभी राहिली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "देवा, पोराची नोकरी राख."

"आई," प्रणेश बाकावरून म्हणाला, "दुसरं काहीतरी माग."

सुमतीचे हात जोडलेलेच राहिले. तिनं डोळे उघडले नाहीत. पक्षी फळ उचलून कुंपणाकडं गेला, चोचीनं माती उकरली, परत आला, तरी ती तशीच उभी. मला वाटलं आता ही रडेल.

"बरं," ती शेवटी म्हणाली, पक्ष्याला की देवाला की आम्हाला, कुणास ठाऊक. "मग पोराला आजपासून दुपारचं जेवायला घरी येऊ दे."

तिनं मोजे घातले, चपला घातल्या. बाकापाशी आली आणि प्रणेशच्या मांडीवरची बॅग उचलून स्वतःच्या खांद्याला लावली. तो सवयीनं म्हणाला, "आई, दे इकडं, मला जायचंय."

"कुठं जायचंय?" ती म्हणाली. "दसऱ्याच्या दिवशी कुठलं आलंय हापिस? चल घरी, पुरण घातलंय."